पंधराशे बाइट आणि एक हरवलेली चिठ्ठी

मुंबई-गोवा महामार्गावर सावंतवाडी सोडून बांद्याकडे निघालं की इन्सुली लागतं. घाट, राज्य उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका, पुढे बांदा आणि मग पत्रादेवीला गोव्याची हद्द. पेपरात या गावाचं नाव येतं ते बहुतेक वेळा नाक्यामुळे: गोवा बनावटीची दारू पकडली, इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त. या लेखाचा दारूशी संबंध नाही. नाक्याशी मात्र आहे, त्यावर येऊच.

समजा, याच गावात एका घरी फायबर आलंय आणि कुणीतरी ओटीवर लॅपटॉप घेऊन पुण्यातल्या कंपनीचं काम करतंय. व्हॉट्सअ‍ॅप चालतंय. यूट्यूब अडखळत नाही. स्पीड टेस्ट केली तर आकडा पॅकवर लिहिल्याइतका येतो. पण एक ठरावीक वेबसाइट काही केल्या उघडत नाही. टॅबवरचं चक्र फिरत राहतं, पान पांढरंच, आणि बऱ्याच वेळाने ब्राउझर हात टेकतो. कंपनीचा व्हीपीएन जोडला जातो, दोन ओळींचा मेल जातो, अटॅचमेंट लावली की अडकतो. फोनचा हॉटस्पॉट लावला की तीच साइट झटकन उघडते. राउटर बंद-चालू करून होतो. कस्टमर केअरला फोन होतो. ‘आमच्याकडून लाइन ओके दाखवतेय’ असं उत्तर येतं, आणि गंमत म्हणजे ते खरं असतं.

कोकणात नेटच्या सगळ्या दुखण्यांना एकच नाव आहे: ‘रेंज नाय.’ ते बऱ्याचदा बरोबरही असतं. लॉकडाऊनमध्ये सिंधुदुर्गातली मुलं अभ्यासासाठी डोंगर चढत होती ती रेंजसाठीच. पण वरचं दुखणं रेंजचं नाही. रेंज गेली की सगळंच जातं. इथे लहान गोष्टी जातात आणि मोठ्या अडतात. लहान-मोठं अगदी शब्दशः: आपण पाठवतो ते सगळं नेटवर पॅकेटांच्या रूपात जातं, आणि वाटेत कुठेतरी अशी एक जागा आहे जिथे पूर्ण भरलेलं पॅकेट मावत नाही. न मावणं हा काही बिघाड नव्हे. बिघाड असा, की न मावल्याचं कुणी कळवत नाही. नेटचे नियम लिहिणाऱ्यांनी ते कळवण्याची सोय फार पूर्वी केली होती, आणि ती सोय मधल्या लोकांनी भीतीपोटी बंद केली. गोष्ट तिचीच आहे.

आकाराचं भांडण काही नेटने शोधलेलं नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू होण्याआधीच्या काळात मुंबईहून रेल्वेने गोव्याला निघालेला माणूस मिरजेला गाडी बदलायचा. पुणे-मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला होता, पण मिरजेहून लोंढ्याकडे आणि पुढे गोव्याकडे जाणारा मार्ग मीटरगेजच राहिला, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडची बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज आणखी निराळी. एका स्टेशनात तीन रुंदीचे रूळ. एका मापाच्या वाघिणीतला माल हमालांनी उतरवायचा आणि दुसऱ्या मापाच्या वाघिणीत भरायचा. वेळ जायचा, पोती फाटायची, पण एक गोष्ट कुणाला विचारावी लागत नव्हती: मोठी वाघीण पुढे जाणार नाही हे उघड दिसायचं. रूळच तिथे संपायचे.

इंटरनेट म्हणजे अशा असंख्य मिरजा, फक्त न दिसणाऱ्या. २९ ऑक्टोबर १९६९ ला अमेरिकेत अर्पानेटवरून पहिला संदेश गेला. त्या जाळ्यात एका संदेशाची कमाल मर्यादा सुमारे ८००० बिट होती आणि त्याची जास्तीत जास्त आठ पॅकेटं होत, प्रत्येक साधारण हजार बिटांचं. एकच जाळं, एकच मालक, एकच माप. प्रश्नच नव्हता. पुढे रेडिओवर चालणारं जाळं आलं, उपग्रहावर चालणारं आलं, आणि प्रत्येकाचं माप वेगळं निघालं. मे १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी ही जाळी एकमेकांना कशी जोडायची याचा प्रसिद्ध निबंध छापला, त्यात या अडचणीला सरळ हात घातलेला आहे. सगळ्यांवर एक माप लादता येणार नाही, कारण उद्या कुठलं नवं जाळं येईल ते कुणाला माहीत? म्हणून दोन जाळ्यांच्या सांध्यावर बसलेल्या यंत्राने (ते त्याला गेटवे म्हणत, आपण राउटर म्हणतो) न मावणाऱ्या पॅकेटचे तुकडे करावेत, आणि तुकडे जोडण्याचं काम शेवटच्या मुक्कामी व्हावं. मिरजेचे हमालच, पण माल पुन्हा एकत्र भरायची जबाबदारी नसलेले.

सप्टेंबर १९८१ मध्ये हे नियम पक्के झाले. इंटरनेटचे नियम आरएफसी नावाच्या क्रमांकित कागदांत असतात. हा ७९१ वा. त्यात तीन आकडे आहेत. पॅकेट सिद्धांततः ६५,५३५ बाइटांपर्यंत असू शकतं. कुठल्याही जोडणीने किमान ६८ बाइटांचं पॅकेट अखंड नेलंच पाहिजे. आणि जगातल्या प्रत्येक संगणकाला ५७६ बाइटांचं पॅकेट, अखंड किंवा तुकड्यांत, घेता आलंच पाहिजे. ५७६ का, तर ५१२ बाइट मजकूर आणि ६४ बाइट वरचे पत्ते-शिक्के. गणित इतकं साधं.

मग १५०० कुठून आले? एका वायरीतून. बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ ला झेरॉक्स कंपनीच्या पॅलो अल्टोमधल्या प्रयोगशाळेत एक टिपण लिहिलं. इमारतीतले संगणक एका सामाईक केबलला जोडायची ती कल्पना म्हणजे इथरनेट. ३० सप्टेंबर १९८० ला डेक, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १० मेगाबिट वेगाच्या इथरनेटचा मसुदा जाहीर केला, आणि त्यात एका फ्रेममधल्या मजकुराची कमाल मर्यादा १५०० बाइट ठेवली. कारणं त्या काळाची होती. केबल सामाईक, म्हणजे एक जण बोलत असताना बाकीच्यांनी गप्प बसायचं. फ्रेम जितकी लांब तितका वेळ बाकीचे खोळंबणार. शिवाय आलेली फ्रेम साठवायला कार्डावर मेमरी लागायची आणि ती महाग होती. १५०० बाइट पाठवायला त्या केबलवर १.२ मिलिसेकंद लागत. ठीक होतं.

ती सामाईक केबल कधीच गेली, मेमरी चण्याफुटाण्याच्या भावाने मिळायला लागली, वेग हजारो पटींनी वाढला, पण १५०० तसेच राहिले. कारण आता सगळ्यांकडे तेच होते. एकट्याने मोठं माप धरलं तर ते दुसऱ्याकडे मावणार नाही, आणि सगळ्यांनी एका दिवशी बदलायचं म्हटलं तर तो दिवस ठरवणार कोण? तुमच्या हातातल्या फोनचं वायफायसुद्धा याहून मोठी फ्रेम नेऊ शकतं, तरी सेटिंग १५०० चंच असतं. या कमाल मापाला एमटीयू म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्ये कधी घुसला असाल तर ही तीन अक्षरं दिसली असतील आणि तुम्ही शहाणपणाने पुढे गेला असाल.

आपल्याकडे नेट आलं ते बऱ्याच अरुंद वाटेने. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने अर्नेट हा प्रकल्प सुरू केला, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने. मुंबईतून त्यात दोन संस्था होत्या: पवईची आयआयटी आणि जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, ज्याचे प्रमुख होते श्रीनिवासन रमाणी. १९९० च्या आसपास या संस्थांना जोडणाऱ्या भाड्याच्या लाइनींचा वेग होता सेकंदाला ९६०० बिट. आता इथे १५०० बाइटांचं पॅकेट घालून बघा. १२,००० बिट भागिले ९६०० म्हणजे सव्वा सेकंद. एक पॅकेट! तेवढा वेळ मागच्या माणसाने टाइप केलेलं एक अक्षर रांगेत उभं. ५७६ चं पॅकेट घातलं तर अर्ध्या सेकंदाच्या आत सुटतं. पॅलो अल्टोच्या केबलवर जे माप बिनघोर होतं ते जुहूहून निघालेल्या लाइनीवर जड होतं. त्या पहिल्या वर्षांत अर्नेटवर टीसीपी-आयपीबरोबर ओएसआय नावाची दुसरी नियमावलीही चालवली जात होती, कारण यातलं कुठलं टिकेल हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. शेवटी टीसीपी-आयपी टिकलं आणि त्याच्याबरोबर त्याची मापंही.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य लोकांना इंटरनेट विकायला सुरुवात केली. मोडेमची ती किर्र-किर्र तुमच्यापैकी अनेकांनी फक्त रील्समध्ये ऐकली असेल. विंडोज ९५ डायलअप जोडणीलाही इथरनेटचंच १५०० चं माप लावत असे, आणि मग रजिस्ट्रीत शिरून ते ५७६ करणं हा जगभरच्या हौशी मंडळींचा आवडता उद्योग झाला. कुणी म्हणे वेग दुप्पट झाला, कुणी म्हणे काहीच फरक नाही. दोघांचंही बरोबर असू शकत होतं. वाट कुठली आहे त्यावर ते अवलंबून होतं. विंडोज ९८ ने संथ डायलअप जोडणी ओळखून स्वतःच ५७६ लावायला सुरुवात केली.

दरम्यान तुकडे करण्याची मूळ युक्ती अंगाशी आली होती. १९८७ मध्ये डेक कंपनीतले ख्रिस केंट आणि जेफ मोगल यांनी निबंध लिहिला, तुकडे करणं घातक आहे असं शीर्षकातच सांगणारा. त्यांचा मुद्दा कुणालाही पटेल असा आहे. एका पॅकेटचे सहा तुकडे केले आणि त्यातला एक हरवला, तर पोहोचलेले पाचही कचऱ्यात, कारण पुन्हा पाठवायचं झालं तर सगळं पॅकेटच पाठवावं लागतं. शिवाय राउटरचं काम पॅकेट पुढे ढकलणं. त्याला कात्री घेऊन बसवलं की तो मंदावतो.

त्यावरचा उपाय नोव्हेंबर १९९० च्या आरएफसी ११९१ मध्ये आला. लेखक पुन्हा जेफ मोगल, सोबत स्टॅनफर्डचे स्टीव्ह डीअरिंग. पाठवणाऱ्याने प्रत्येक पॅकेटवर खूण करायची: तुकडे करू नका. वाटेतल्या राउटरला ते पुढे मावत नसेल तर त्याने ते फेकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला उलट टपाली चिठ्ठी धाडायची: मावलं नाही, माझ्यापुढची वाट अमुक बाइटांची आहे. पाठवणारा तो आकडा लक्षात ठेवून पुढची पॅकेटं लहान करणार. चिठ्ठीची पद्धत १९८१ पासूनच होती, फक्त त्यात आकडा नव्हता. डीअरिंग-मोगल यांनी त्या चिठ्ठीतली सोळा बिटांची रिकामी जागा वापरली. नवं खातं नाही, नवा फॉर्म नाही, रिकाम्या रकान्यात एक संख्या. मला हा इंटरनेटच्या इतिहासातला एक देखणा तुकडा वाटतो.

पण सगळा डोलारा एका गृहीतावर उभा होता. चिठ्ठी परत पोहोचणार.

ही चिठ्ठी आयसीएमपी नावाच्या टपालखात्यातून जाते. पिंग हा प्रकारही त्याच खात्यातला. १९९६ च्या अखेरीस ‘पिंग ऑफ डेथ’ गाजलं: पिंगचे तुकडे अशा हिशेबाने पाठवायचे की जोडल्यावर ते ६५,५३५ च्या पलीकडे जातील, आणि समोरचा संगणक कोसळेल. १९९८ च्या सुरुवातीला ‘स्मर्फ’चा इशारा प्रसिद्ध झाला: दुसऱ्याच्या नावाने एका मोठ्या जाळ्यातल्या सगळ्यांना पिंग करायचं, म्हणजे शेकडो उत्तरं त्या बिचाऱ्यावर आदळतात. जगभरच्या नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी घाबरून फायरवॉलमध्ये एक ओळ लिहिली: आयसीएमपी, सगळं, बंद.

आता इन्सुलीचा नाका आठवा. नाक्यावर गाड्या थांबवून बघतात, संशयित तेवढ्या बाजूला घेतात, बाकीच्या सोडतात. उद्या कुणी हुकूम काढला की दारू लाल गाडीतून येते म्हणून एकही लाल गाडी सोडायची नाही, तर दारू अडेल आणि पोस्टाची गाडीही अडेल. पुढे पूल कमकुवत आहे, मोठा ट्रक पाठवू नका, हे कळवणारं पत्र त्याच गाडीत असेल तर ते मुंबईला कधीच पोहोचणार नाही. मुंबईहून मोठे ट्रक येत राहतील आणि पुलाशी एकामागून एक अडत राहतील. पाठवणाऱ्याला वाटेल, पत्ता चुकला असेल, पुन्हा पाठवू. तोच ट्रक, तेवढाच मोठा.

सप्टेंबर २००० च्या आरएफसी २९२३ मध्ये या अवस्थेला अधिकृत जागा मिळाली. तिथला शब्द आहे ब्लॅक होल: पॅकेट जातं, काहीच परत येत नाही, चूक झाल्याचा निरोपसुद्धा नाही.

तोवर हे दुखणं घराघरांत शिरण्याची तयारी झाली होती. कारण पीपीपीओई. डायलअपच्या काळात कंपन्यांची नाव-पासवर्ड-बिल ही व्यवस्था पीपीपी नावाच्या पद्धतीवर बसलेली होती. ब्रॉडबँड आलं तेव्हा तीच व्यवस्था इथरनेटवर चालवायची म्हणून फेब्रुवारी १९९९ मध्ये पीपीपीओई लिहिलं गेलं. त्याचा खर्च प्रत्येक पॅकेटमागे ८ बाइट. १५०० तून ८ गेले, उरले १४९२. आठ बाइट म्हणजे ‘इन्सुली’ हा शब्द फोनवर टाइप केला तर त्याच्याही निम्म्याहून कमी. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं आणि त्या शब्दात सात चिन्हं आहेत. एवढ्याशा फरकाने जगभर साइट अडकू लागल्या.

२००५ च्या जानेवारीत बीएसएनएलने डेटावन ब्रॉडबँड सुरू केलं. फोनच्याच तांब्याच्या तारेवर एडीएसएल, त्यावर पीपीपीओई. त्या मोडेमच्या पोटात आणखी एक माप दडलेलं होतं आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एडीएसएलच्या तळाशी एटीएम नावाची पद्धत चालते (बँकेचं नव्हे). तिच्यात सगळं ५३ बाइटांच्या डब्यांतून जातं, ४८ मजकुराचे आणि ५ पत्त्याचे. हे ४८ कुणाच्याही गरजेतून आलेले नाहीत. १९८० च्या दशकाच्या शेवटी आंतरराष्ट्रीय दूरसंचार समितीत युरोपवाल्यांना ३२ हवे होते, कारण आवाजाने डबा भरायला ४ मिलिसेकंदच लागले असते आणि फ्रान्ससारख्या देशाला आपल्या हद्दीत प्रतिध्वनी मारणारी यंत्रं बसवावी लागली नसती. अमेरिकेला ६४ हवे होते. तडजोड झाली: ४८. ना यांचं, ना त्यांचं. सिंधुदुर्गातल्या एखाद्या टेबलावरच्या मोडेममधून निघालेलं १४९२ बाइटांचं पॅकेट, वरचे सगळे शिक्के धरून, साधारण ३२ डब्यांतून जायचं आणि तारेवर १६९६ बाइट व्हायचं. आज फायबर आलं, एटीएम गेलं, पण बीएसएनएलच्या फायबरवरही लॉगिन पीपीपीओईचंच आहे. १४९२ तसेच.

एव्हाना तुम्ही विचाराल, दोन टोकं सुरुवातीला आपसात ठरवत नाहीत का? ठरवतात, पण अर्धवट. टीसीपी जोडणी सुरू होताना दोन्ही बाजू आपापला एमएसएस सांगतात: मला एका वेळी इतका मजकूर चालेल. इथरनेटवर बसलेला लॅपटॉप १५०० तून पत्त्यांचे ४० वजा करून १४६० सांगतो. सर्व्हरही तेच सांगतो. याला वाटाघाटी म्हणायची पद्धत आहे, पण ही वाटाघाट नाही. दोघंही आपल्या दाराची रुंदी जाहीर करतात. मधल्या गल्लीबद्दल दोघांनाही काही माहीत नसतं.

आणि म्हणून ते ओटीवरचं कोडं सुटतं. साइट उघडायला फोनमधून निघणारी पहिली पॅकेटं लहान असतात; ती जातात, जोडणी होते, पॅडलॉकसाठीची ओळखपाळख सुरू होते. मग सर्व्हर आपलं प्रमाणपत्र पाठवतो, ते काही हजार बाइटांचं. म्हणजे पहिल्यांदाच १५०० ची भरलेली पॅकेटं निघतात. तुमच्या सेवा देणाऱ्या कंपनीच्या शेवटच्या राउटरला ती १४९२ च्या वाटेत घालता येत नाहीत. तो फेकतो आणि नियमाप्रमाणे चिठ्ठी लिहितो. चिठ्ठी सर्व्हरच्या दारातल्या फायरवॉलमध्ये मरते. त्यामुळे दोष त्या साइटच्या नाक्याचा, आणि त्रास दूरच्या गावातल्या माणसाला. मुंबईच्या ऑफिसात सरळ इथरनेटवर बसलेल्या माणसाला हे कधीच दिसत नाही, म्हणून त्याची तक्रारही त्याच्या आयटीवाल्यापर्यंत कधी जात नाही. स्पीड टेस्टचा सर्व्हर चिठ्ठ्या वाचतो, म्हणून आकडा चोख येतो.

यावर राउटर बनवणाऱ्यांनी काढलेला तोडगा सरळसरळ पत्र खोडण्याचा आहे. लॅपटॉप ‘मला १४६० चालेल’ म्हणत बाहेर पडतो, आणि घरचा राउटर जाताजाता त्याचे १४५२ करतो. समोरच्याला वाटतं हे मूळ पत्रातच होतं. याला एमएसएस क्लॅम्पिंग म्हणतात. लिनक्समधल्या याच सोयीच्या माहितीपानावर, आयसीएमपी अडवणाऱ्यांबद्दल सभ्य कागदपत्रांत सहसा न सापडणारी भाषा वर्षानुवर्षं छापलेली आहे. बहुतेक राउटरांत ही सोय आपोआप चालू असते, म्हणून बहुतेकांना काही जाणवत नाही. जिथे ती बंद आहे, किंवा घरच्या राउटरमागे अजून एक राउटर अडकवलाय, किंवा वर व्हीपीएन आहे, तिथे गाठ बसते.

व्हीपीएनचं गणित २०२० मध्ये सगळ्यांच्या अंगावर आलं. २५ मार्चपासून देश बंद, पुण्या-मुंबईचे नोकरदार गावी, आणि कंपनीचं काम बोगद्यातून. बोगदा म्हणजे पॅकेटला दुसऱ्या पाकिटात घालणं, आणि त्या पाकिटाला जागा लागते. वायरगार्ड नावाचा नवा व्हीपीएन म्हणून १५०० ऐवजी १४२० धरूनच सुरू होतो. मोबाइलवरही तुमचं प्रत्येक पॅकेट टॉवरपासून कंपनीच्या मुख्य यंत्रापर्यंत एका पाकिटातून जातं, ज्याचं वजन किमान ३६ बाइट. मोबाइलचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने म्हणून १३५८ चं माप सुचवलेलं आहे. मोबाइल कंपन्यांना हे दुखणं जुनं, त्या वाटेतच आकडे खोडतात. हॉटस्पॉटवर साइट उघडते ती सहसा यामुळे.

तपासणं अवघड नाही. लॅपटॉपवरच्या पिंगला ‘तुकडे करू नकोस’ ही खूण लावून १४७२ बाइट पाठवायला सांगा. पत्त्यांचे २८ धरून ते १५०० होतात. गेलं तर वाट पूर्ण रुंदीची. नाही गेलं तर १४६४ करून बघा, ते १४९२ होतं. तेही नाही तर दहा-दहाने उतरत जा, जिथे पहिल्यांदा उत्तर येईल तिथे २८ मिळवा, ते तुमच्या वाटेचं माप. सर्व्हर स्वतःच पिंगला उत्तर देत नसेल तर ही चाचणी निरुपयोगी, म्हणून लहान पिंग जातं का ते आधी बघायचं. आणि सगळ्यात सोपी खूणगाठ: लॅपटॉपचा एमटीयू तात्पुरता १४०० करा. तो आता १३६० ची जाहिरात करतो, सर्व्हर लहान पॅकेटं पाठवतो, आणि अडलेली साइट उघडली तर दुखणं हेच. कस्टमर केअरला मग ‘नेट स्लो आहे’ ऐवजी ‘एमएसएस क्लॅम्पिंग बघा’ म्हणता येतं. समोरच्याला कळेलच असं नाही, पण तक्रार वरच्या माणसाकडे जाण्याची शक्यता वाढते.

नियम लिहिणाऱ्यांनी शेवटी चिठ्ठीची आशा सोडली. वाट बघत बसायचं थांबवलं, म्हणा. आयपीव्ही६ मध्ये तर राउटरांनी तुकडे करायचेच नाहीत असं ठरलं होतं, म्हणून १९९८ मध्ये तिथे प्रत्येक जोडणीने किमान १२८० बाइट नेलेच पाहिजेत अशी अट आली. मार्च २००७ च्या आरएफसी ४८२१ मध्ये मॅट मॅथिस आणि जॉन हेफनर यांनी मांडलं की पाठवणाऱ्याने स्वतःच चाचपडत जावं: थोडं मोठं पॅकेट पाठवून बघा, पोहोच आली तर ठीक, नाही तर लहान करा. कुणी सांगेल यावर विसंबू नका. लिनक्समध्ये ही सोय आहे, पण मुळात बंद असते. सर्व्हर लावणाऱ्याने ती चालू करावी लागते. मे २०२१ मध्ये प्रमाण ठरलेल्या क्विकने, म्हणजे यूट्यूब ज्यावर चालतं त्या नव्या पद्धतीने, १२०० बाइट जात असतील एवढंच गृहीत धरलं आणि सुरुवातीची पॅकेटं मुद्दाम भरून १२०० ची करून पाठवली, म्हणजे वाट तेवढी आहे का ते पहिल्याच फेरीत कळतं. ओटीवर यूट्यूब चालतं आणि ती एक साइट चालत नाही, याचं अर्धं उत्तर इथे आहे. क्विक १५०० च्या वाट्याला जातच नाही.

जुन्या साइटवर आता ही बाब उलट्या दिशेनेही येऊ लागली आहे. उद्याच्या क्वांटम संगणकांना पुरून उरेल अशी कुलपं म्हणून क्रोम ब्राउझरने २०२४ मध्ये नवी किल्ली वापरायला घेतली. पूर्वी तिची जागा ३२ बाइट होती, आता त्यात आणखी ११८४ बाइटांची भर पडली आहे. त्यामुळे ब्राउझर सर्व्हरला करतो तो पहिला नमस्कारच बऱ्याचदा एका पॅकेटमध्ये मावत नाही. आजवर लहान असल्यामुळे जे पॅकेट सगळीकडून निसटून जायचं, तेच आता भरलेलं निघतं, आणि वाटेत काही यंत्रं अशीही निघाली की ज्यांना दोन पॅकेटांत आलेला नमस्कार वाचताच येत नव्हता. त्या यंत्रांची दुरुस्ती चालू आहे.